मराकसच्या किनाऱ्यावर एक दिवस: त्रिनिदादला जाणाऱ्यांसाठी

त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमधून मराकस बे गाडीने पाऊण तासावर आहे. मध्ये डोंगररांग आडवी येते. ती ओलांडून उत्तरेला उतरलं की माडांच्या रांगेखाली अर्धगोल पुळण दिसते. कॅरिबियन म्हटल्यावर पोस्टकार्डावरचं शांत निळं तळं डोळ्यांसमोर येत असेल तर एक गोष्ट आधीच सांगायला हवी: मराकसला लाटा असतात, आणि त्या जोरदार असतात. किनारा सुंदर आहे, खाणं अप्रतिम आहे, गर्दी आनंदी असते. पण दिवस चांगला जातो तो घड्याळाकडे आणि पाण्याच्या ओढीकडे लक्ष ठेवलं तरच. पुढची सगळी आखणी या दोन गोष्टींभोवती केलेली आहे.

भारतातून निघण्यापूर्वी: पिवळ्या तापाची लस

हे काम किनाऱ्यावरच्या दिवसाच्या किमान दोन आठवडे आधी उरकायचं आहे. भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून परतताना मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर लसीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस टोचल्यावर दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य धरलं जातं, आणि २०१६ पासून एकदा घेतलेली लस आयुष्यभरासाठी मान्य आहे. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आणि तिथे अपॉइंटमेंटसाठी थांबावं लागतं. म्हणून तिकीट काढलं त्याच आठवड्यात हे काम हाती घ्या. साठीच्या पुढची माणसं, गरोदर बायका, अंड्याची ॲलर्जी असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे यांनी आधी डॉक्टरांशी बोलायला हवं. काही जणांना ही लस देता येत नाही.

दुसरी सूचना कपड्यांची. त्रिनिदाद-टोबॅगोत लष्करी छापाचे, म्हणजे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसाने घालणं बेकायदा आहे. लहान मुलांच्या हाफ पॅन्टी, टोप्या, पाठीवरच्या सॅका यांवर हा छाप सर्रास असतो. बॅग भरतानाच ते बाजूला काढा, नाहीतर विमानतळावर जप्त होऊ शकतात.

दिवस कोणता निवडायचा

त्रिनिदाद विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम अकरा अंशांवर आहे. तिथे ऋतू दोनच: जानेवारी ते मे कोरडा, जून ते डिसेंबर पावसाळी. पावसाळा आपल्यासारखा झड लावणारा नसतो. दुपारी जोराची सर येते आणि थोड्या वेळात ऊन पडतं. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला मध्येच काही कोरडे दिवसही मिळतात. पावसाळ्यात किनाऱ्यावर जायला हरकत नाही, फक्त दोन गोष्टी पाहून निघा. एक म्हणजे रस्ता. डोंगरातून जाणाऱ्या या रस्त्यावर जोराच्या पावसानंतर दरडी येतात, तेव्हा सकाळी हॉटेलात चौकशी करा. दुसरी म्हणजे ओढ्याचं मुख. डोंगरातून वाहत आलेलं पाणी ज्या ठिकाणी समुद्राला मिळतं तिथे पावसानंतर दोन दिवस तरी पोहू नका. गढूळ पाणी आणि त्यातली घाण तिथेच साठते.

कोरड्या ऋतूत आकाश निरभ्र असतं, पण समुद्र जास्त खवळलेला असू शकतो. नोव्हेंबर ते मार्चमध्ये उत्तर अटलांटिकमधल्या वादळांच्या लाटा शेकडो मैल प्रवास करून या किनाऱ्यावर येऊन आदळतात. इथे वारा पडलेला असतो, ऊन छान असतं, आणि लाटा मात्र माणसाच्या उंचीच्या. म्हणून हवामानाचा अंदाज पाहताना पावसाबरोबर लाटांच्या उंचीकडेही बघा. सरकारी हवामान खातं समुद्र धोकादायक असल्याचा इशारा देतं. इशारा असेल तर दिवस बदला. बदलणं शक्यच नसेल तर फक्त खायला आणि बघायला जा, पाण्यात उतरू नका.

आठवड्यातला सगळ्यात चांगला दिवस मंगळवार ते गुरुवार. रविवारी निम्मं शहर इथे असतं. त्याची मजा वेगळी आहे, कारण गाण्यांचा दणका आणि कुटुंबंच्या कुटुंबं पातेली घेऊन आलेली दिसतात. वेळ घालवत एकत्र बसण्याला तिथे ‘लाइम’ म्हणतात, आणि रविवारचा मराकस हे लाइमचं मोठं ठिकाण. पण पार्किंग सकाळी दहालाच संपतं आणि परतताना डोंगरात रांग लागते. कार्निव्हलच्या सोमवार-मंगळवारनंतर येणाऱ्या ॲश वेन्सडेला तर दोन दिवस नाचून दमलेला सगळा देश समुद्रावर येतो. त्या दिवशी शांतता शोधायला जाऊ नका.

क्रिकेटच्या निमित्ताने जाणाऱ्यांची सोय चांगली आहे. क्वीन्स पार्क ओव्हल शहरातच आहे. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं आणि सुनील गावसकरांनी पदार्पण केलं ते याच मैदानावर. ओव्हलवरून मराकसला जाणारा रस्ता जवळच, मरावलच्या बाजूने वर चढतो. सामन्याच्या आदल्या किंवा नंतरच्या दिवशी किनारा सहज बसतो.

आदल्या संध्याकाळची तयारी

आधी सनस्क्रीनचा हिशोब, कारण चूक इथेच होते. मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला एका वेळी साधारण ३० ते ३५ मिलिलिटर लागतं. छोटा कप भरेल इतकं. आपण लावतो त्याच्या दुप्पट-तिप्पट. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावायचं. म्हणजे सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात चारदा. चौघांचं कुटुंब उघड्या अंगाने बसलं तर एका दिवसात जवळजवळ अर्धा लिटर संपेल. त्यापेक्षा सगळ्यांना पोहण्याचे लांब बाह्यांचे टी-शर्ट घ्या. मग चेहरा, मान, हात, पाय इतकंच उरतं आणि २०० ते २५० मिलिलिटरच्या बाटलीत काम भागतं. एसपीएफ ५० चं, पाण्यात टिकणारं घ्या. शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली हँडबॅगेत चालत नाही, ती चेक-इनच्या सामानात टाका.

‘आम्हाला उन्हाची सवय आहे’ हे वाक्य इथे उपयोगाचं नाही. वर्षातून दोनदा, एप्रिलच्या मध्याला आणि ऑगस्टच्या अखेरीला, त्रिनिदादमध्ये सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. पाणी आणि वाळू त्याचा उजेड खालून परत फेकतात. वाऱ्यामुळे तापलेलं कळत नाही. सावळी त्वचा लाल दिसत नाही, पण रात्री खांदे टेकवता येत नाहीत.

कपड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण आपल्याकडच्या बायकांना हा प्रश्न खरोखर पडतो. पोहण्याचे अर्धे कपडे घालायचे नसतील तर नायलॉन-लायक्राची पूर्ण लांबीची लेगिंग आणि वर लांब बाह्यांचा पोहण्याचा टॉप घाला. तिथे कुणी वळूनही बघत नाही. सुती सलवार, ओढणी, जीन्स मात्र पाण्यात नको. सुती कापड भिजलं की जड होतं, लाटेत पायांत गुंडाळतं, आणि गुडघाभर पाण्यातही माणूस पडतो. त्याच्या उलट, पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरतेच ठेवा. शहरात, दुकानात त्यावर काहीतरी घालायची पद्धत आहे.

बाकीचं सामान:

- पाणी माणशी तीन लिटर. निम्म्या बाटल्या रात्री फ्रीझरमध्ये ठेवल्या तर दुपारपर्यंत थंड राहतात आणि खाण्याचे डबेही गार ठेवतात.
- दोन जादा टॉवेल, मोठी प्लॅस्टिकची पिशवी ओल्या कपड्यांसाठी, आणि एक कचऱ्यासाठी.
- रबरी सपाट चपला. दुपारी वाळू भाजते.
- डासांचं औषध. क्रम लक्षात ठेवा: आधी सनस्क्रीन, ते मुरल्यावर औषध.
- छोटा चिमटा, बँडेज, ओआरएसची चार पाकिटं.
- टोपी आणि चष्म्याला दोरी.
- त्रिनिदादी डॉलरच्या पाच, दहा, वीसच्या नोटा.

काचेच्या बाटल्या नेऊ नका. दागिने, पासपोर्ट, जादा रोकड हॉटेलच्या तिजोरीत ठेवा आणि पासपोर्टची प्रत जवळ बाळगा.

पैशांचं एक आणखी. तिथे ‘डॉलर’ म्हणजे त्यांचा डॉलर, अमेरिकन नव्हे. एका अमेरिकन डॉलरला साधारण पावणेसात त्रिनिदादी डॉलर मिळतात, म्हणजे गैरसमज झाला तर जवळजवळ सातपट फटका. टॅक्सीला मीटर नसतो. बसण्यापूर्वी भाडं ठरवा, ते कोणत्या डॉलरमध्ये ते विचारा, जायचं-यायचं मिळून आहे का आणि डोंगरावर थांबण्याचा वेळ त्यात धरला आहे का हेही बोलून घ्या.

सकाळ: डबल्स, मग डोंगर

साडेसातला बाहेर पडा. पहिला थांबा डबल्सचा. हळद घातलेल्या मैद्याचे मऊ, तळलेले दोन पातळ बारा, मध्ये चण्याची रस्सेदार उसळ, वर काकडी, चिंचेची चटणी आणि कैरीचा किसून केलेला कुचेला. गाडीवाला हे सगळं कागदात पिळून देतो आणि माणसं उभ्याउभ्या खातात. ‘बारा’ आपल्या वड्याच्याच कुळातला. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ जहाजातून उतरलेल्या आणि त्यानंतरच्या गिरमिटियांनी, म्हणजे कराराने आणलेल्या भारतीय मजुरांनी, भोजपुरी मुलखातून आणलेले शब्द आणि चवी इथे रुजल्या आहेत. डबल्स पूर्ण शाकाहारी असतं. तिखट किती ते विचारतील, तेव्हा ‘स्लाइट’ म्हणा. जगातल्या सर्वात जहाल मिरच्यांपैकी एक, मोरुगा स्कॉर्पियन, याच बेटावरची आहे. आपल्या लवंगी मिरचीवर वाढलेल्या माणसालाही पहिल्या दिवशी हे झेपत नाही, आणि पोटात आग घेऊन पुढच्या वळणांच्या रस्त्यावर बसणं वाईट. काहीही विचारण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला विसरू नका. तिथे अभिवादन न करता थेट मागणी करणं उद्धटपणाचं समजतात.

दुपारसाठी शाकाहारी डबा लागणार असेल तर रोटीच्या दुकानातून दालपुरी बांधून घ्या. वाटाण्याची भरडलेली डाळ आत भरून लाटलेली ही पोळी पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण आहे. सोबत बटाटा-चण्याची किंवा भोपळ्याची भाजी घ्या. ‘सहिना’ दिसला तर तोही घ्या: अळूची पानं डाळीच्या पिठात थापून तळलेली. अळुवडीची आठवण येतेच.

भाड्याची गाडी घेतली असेल तर वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने आहे, हा मोठा दिलासा. भारतीय परवाना चालतो का आणि आंतरराष्ट्रीय परवाना लागतो का हे गाडी घेण्यापूर्वीच कंपनीला विचारा. टाकी शहरातच भरा. नकाशा फोनमध्ये आधी उतरवून ठेवा, कारण डोंगरापलीकडे रेंज येते-जाते.

मरावलमधून सॅडल रोडने चढत गेलं की दोन दगडी खांब लागतात. तिथून नॉर्थ कोस्ट रोड सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात शहराच्या पश्चिमेचा चागुआरामासचा किनारा अमेरिकन नौदलाच्या तळासाठी गेला, लोकांना समुद्रावर जायला जागा उरली नाही, आणि त्या बदल्यात अमेरिकनांनी हा रस्ता बांधून दिला. एका बाजूला दाट जंगल, दुसऱ्या बाजूला खोल उतार, आणि वळणं वरंधा घाटासारखी. गाडी लागणाऱ्यांनी निघण्याच्या तासभर आधी गोळी घ्यावी, पुढच्या सीटवर बसावं, फोनमध्ये डोकं घालू नये. आलेपाकाच्या वड्या बरोबर असल्या तर चघळायला बऱ्या. वळणावर हॉर्न द्या, आणि मागून घाईत आलेल्या स्थानिक गाडीला जागा मिळताच पुढे जाऊ द्या.

माथ्याजवळच्या लुकआउटवर थांबायलाच हवं. खाली एकामागून एक उपसागर दिसतात. कठड्याजवळ टपऱ्यांची रांग असते: चिंचेचे गोळे, डाळीच्या पिठाची भजी म्हणजे फुलौरी, साखरेत घोळलेला कुरमा, म्हणजे आपले शंकरपाळे, आणि अननसाचा ‘चाऊ’. चाऊ जवळून बघा. पिकलेल्या अननसाच्या फोडी, मीठ, ठेचलेला लसूण, लिंबाचा रस, मिरची आणि ‘शॅडो बेनी’ नावाची लांब, काटेरी कडेची पानं बारीक चिरून. ही पानं चुरगाळली की कोथिंबिरीचा वास येतो, पण कितीतरी जास्त तीव्र. सगळं पिशवीत घालून हलवतात. खाली साचलेला रसही पिऊन टाकायचा. इथे वीस मिनिटांच्या वर रेंगाळू नका, सकाळचा पाण्यातला वेळ त्यातून जातो.

पाण्यात उतरण्यापूर्वी दहा मिनिटं

पोहोचायची वेळ नऊच्या आसपास. गाडी पार्किंगमध्ये लावा आणि आत काहीही दिसेल असं ठेवू नका. डिकीत टाकायचं ते शहरातच टाका, किनाऱ्यावर सगळ्यांसमोर नाही. कपडे बदलायला आणि अंघोळीला सार्वजनिक सोय आहे, तिला थोडं शुल्क पडतं. खुर्च्या आणि छत्र्या भाड्याने मिळतात, त्यांचाही दर आधी ठरवा. जागा निवडताना जीवरक्षकाच्या मनोऱ्यासमोरची घ्या, माडाच्या थेट खाली नको. नारळ पडतात.

जीवरक्षक साधारण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असतात. त्यामुळे पहिला तास वाळूत चाला, मुलांना किल्ले करू द्या, नाश्त्यातलं उरलेलं खा. दहाला पाण्याजवळ जा आणि उतरण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघत उभे राहा.

बघायचं काय? लाटा एकसारख्या येत नाहीत. बऱ्याच छोट्या लाटांनंतर मोठ्यांचा एक घोळका येतो. पाच मिनिटांत समुद्राबद्दल मत बनवलं तर तो घोळका दिसायचा राहून जातो. आता लाटा कुठे फुटतात ते बघा. सगळीकडे पांढरा फेस आहे आणि मध्ये एखादा पट्टा शांत, गडद, सपाट दिसतो का? त्या पट्ट्यातून फेस, पानं, वाळूचं गढूळ पाणी समुद्राकडे जाताना दिसतं का? नवख्याला वाटतं की इथे लाटा नाहीत, म्हणजे मुलांना घेऊन जायला हीच जागा बरी. नेमकी तीच धोक्याची. किनाऱ्यावर येऊन साठलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, वाळूच्या उंचवट्यातली फट सापडली की त्यातून जोरात बाहेर पडतं. कोकणातली माणसं ‘पाण्याला ओढ आहे’ म्हणतात ती हीच. इंग्रजीतला रिप करंट. तिथे पाणी खोल असतं म्हणूनच लाट फुटत नाही.

ओढीत सापडलात तर:

पहिलं, किनाऱ्याकडे सरळ पोहायचा प्रयत्न सोडा. जोराची ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यापेक्षाही वेगवान असू शकते. माणसं ओढीमुळे खाली जात नाहीत, ती दमून बुडतात. दुसरं, पाठीवर तरंगा, श्वास सांभाळा, एक हात वर करून हाक मारा. ओढ बाहेर नेते, तळाशी खेचत नाही, आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे ती विरते. तिसरं, अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा. ओढीचा पट्टा अरुंद असतो. फेसाळलेल्या लाटा दिसू लागल्या की त्यांच्याबरोबर तिरकं किनाऱ्याकडे या. आणि बाहेर उभ्या असलेल्यांनी कुणाला वाचवायला आत उडी घेऊ नये. जीवरक्षकाला बोलवा, तरंगणारं काहीही फेका: रिकामा कॅन, बोर्ड, बर्फाची पेटी. अशा प्रसंगी मदतीला गेलेला माणूसच जातो, हे आपल्या किनाऱ्यांवरही दर वर्षी घडतं.

लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही. झेंडे लावून आखलेली जागा असेल तर तेवढ्यातच पोहायचं. जीवरक्षकाने शिट्टी मारून हात केला तर तो तुमच्यासाठीच आहे असं समजा.

पोहता न येणाऱ्यांनी कमरेच्या वर पाणी जाऊ देऊ नये, आणि लाटेकडे पाठ कधीही करू नये. जुहूची किंवा गणपतीपुळ्याची सवय इथे फसवते. मुंबईच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, लांबच लांब उथळ पाणी मिळतं. इथे फरक जेमतेम मीटरभर, लाट किनाऱ्याला खेटून फुटते आणि चार पावलांत पायाखालची वाळू सरकते. मोठी लाट येताना एका बाजूने वळून, गुडघे वाकवून उभे राहा. डोकं पुढे करून लाटेत सूर मारू नका, खाली वाळू कठीण असते आणि मान मोडते. हवा भरलेली ट्यूब मुलांना देऊ नका. ती ओढीत क्षणात दूर जाते. दहा वर्षांखालच्या मुलापासून मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं, किनाऱ्यावर बसून बघणं पुरत नाही.

वाळूवर निळी-जांभळी, फुगलेली, चमकदार पिशवी दिसली तर तिला हात लावू नका आणि त्या दिवशी पाण्यातही जपून जा. हिला पोर्तुगीज मॅन ओ’ वॉर म्हणतात. पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर येणाऱ्या ब्लू बॉटलची ही मोठी बहीण. मेलेलीही डसते, आणि तिचे धागे काही मीटर लांब असतात. डसली तर चोळू नका. चिमट्याने धागे काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं तो भाग ठेवा. खाण्याच्या टपरीवर गरम पाणी मागितलं तर मिळतं. श्वास लागला, छाती आवळली तर लगेच जीवरक्षकाकडे. रुग्णवाहिकेचा क्रमांक ८११, पोलिसांचा ९९९.

साडेअकरा ते अडीच: सावली आणि बेक अँड शार्क

या वेळात पाण्याबाहेर या. हाच जेवायचाही वेळ, आणि साडेअकराला गेलं तर रांग छोटी असते. रस्त्याच्या कडेला टपऱ्या आहेत. ‘रिचर्ड्स’ सगळ्यात नावाजलेली, रांगही तिथेच मोठी. शेजारच्याही चांगल्या आहेत.

बेक अँड शार्क म्हणजे तळलेल्या पावात माशाचा तुकडा. नावात ‘बेक’ असला तरी तो तेलात फुगवलेला असतो, भटुऱ्यासारखा. मासा लिंबू, लसूण, शॅडो बेनी आणि हिरव्या वाटणात मुरवून, पिठात घोळवून तळतात. पैसे भरले की तेवढाच गरम पाव-मासा हातात मिळतो. पुढचं तुमचं काम. लांब टेबलावर भांडी मांडलेली असतात: कोबीची कोशिंबीर, काकडी, टोमॅटो, अननस, लसणाचा पांढरा सॉस, चिंचेचा सॉस, शॅडो बेनीची हिरवी चटणी आणि मिरचीचा पिवळा सॉस. नवखे लोक सगळं थोडं थोडं घालतात आणि पाव भिजून हातात फाटतो. बरा क्रम असा: पाव उघडून आतल्या दोन्ही बाजूंना लसूण सॉस, मग कोबी-काकडी, त्यावर मासा, वर चिंच आणि हिरवी चटणी सढळ, अननसाची एखादी फोड, आणि मिरचीच्या सॉसचे दोनच थेंब. कागदासकट धरून उभ्याने खायचं.

शार्कऐवजी किंगफिश किंवा कोळंबी मागता येते, आणि आमचं मत स्पष्ट आहे: तीच मागा. शार्कच्या अनेक जाती जगभर झपाट्याने घटत आहेत. किंगफिश आपल्या सुरमईचा भाऊबंद आहे आणि त्या वाटणात तो शार्कपेक्षा चवदार लागतो. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी शार्क आणि किंगफिश दोन्ही टाळावेत, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. त्यांच्यासाठी कोळंबी. शाकाहारी माणसाला नुसत्या भाज्या-चटण्या भरलेला बेक मिळतो, पण तो माशाच्याच तेलात तळला जातो का हे विचारावं लागेल. चालत नसेल तर सकाळची दालपुरी कामाला येते.

पोटभर खाल्ल्यावर तासभर सावलीतच थांबा. ओआरएस किंवा शहाळं घ्या. बिअर किंवा रम घेतलेल्या माणसाने त्या दिवशी पुन्हा पाण्यात जायचं नाही. अडीचनंतर, सनस्क्रीनचा पुढचा हात लावून, दुसरी फेरी. झेंडे आणि ओढ पुन्हा तपासा. सकाळी सुरक्षित असलेला पट्टा दुपारी बदललेला असू शकतो.

लहान मुलं, आजी-आजोबा असतील तर

मराकसहून पुढे काही किलोमीटरवर लास क्वेव्हास आहे. उपसागर जास्त आडोशाचा, पाणी बहुधा शांत, गर्दी कमी. स्पॅनिश नावाचा अर्थ ‘गुहा’, आणि किनाऱ्याच्या कडेला त्या आहेतही. अडचण एकच: वाळूमाश्या. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक, पावसानंतर आणि दुपार कलली की पायांवर तुटून पडतात आणि खाज आठवडाभर टिकते. घोट्यांना औषध लावा, उघड्या वाळूवर न बसता चटईवर बसा, चारच्या आत उठा. जेवण मराकसला आणि पोहणं लास क्वेव्हासला अशी विभागणी कुटुंबासाठी उत्तम जमते.

परत निघायची वेळ

सूर्य वर्षभर पावणेसहा ते साडेसहाच्या मध्ये मावळतो, आणि विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार थोडा टिकतो. डोंगरी रस्त्यावर दिवे नाहीत. म्हणून अंघोळ-कपडे उरकून साडेचारला गाडीत बसा. रविवारी साडेतीनला. क्रूझच्या बोटीने आलेल्यांनी बोटीवर चढायच्या शेवटच्या वेळेच्या तीन तास आधी किनारा सोडावा: पाऊण तास रस्त्याचा, उरलेला एखाद्या दरडीसाठी, अपघातासाठी, शहरातल्या संध्याकाळच्या कोंडीसाठी.

मॅक्सी-टॅक्सी (ठरावीक मार्गावरची मिनीबस) किंवा बसने आलेले अडकतात ते इथेच. जाताना वाहन मिळतं, येताना दुपारनंतर ती विरळ होतात. टॅक्सीवाल्याला सकाळीच परतीची वेळ आणि नेमकी जागा ठरवून द्या, निम्मे पैसे परतल्यावर द्या. रेंज नसेल हे धरून चाला.

हॉटेलवर आल्यावर सनस्क्रीन साबणाने धुवा, कानामागची आणि बोटांच्या बेचक्यातली वाळू काढा. त्वचा तापली असेल तर थंड पाण्याची ओली घडी आणि कोरफड, बर्फ थेट नको. रात्री आणखी लिटरभर पाणी प्या. ओले कपडे गोड्या पाण्यात पिळून लगेच वाळत घाला, दमट हवेत बंद पिशवीत राहिले तर सकाळपर्यंत कुबट वास धरतात. आणि परतीची बॅग भरताना पिवळं कार्ड पासपोर्टच्या आत, हँडबॅगेत ठेवा. मुंबईला ते सामानाच्या पट्ट्यापाशी पोहोचण्याआधीच मागतात.